लशीबद्दल जे विचारायचं ते विचारा

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या आरोग्य प्रबोधन सभेतील भाषण. बोललेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



समितीने आम्हाला लसीकरणावर बोला म्हणून सांगितलं, तेव्हा एकदोघे म्हणाले की ह्या विषयावर डॉक्टर बोलवायला पाहिजे होता. त्यांचं म्हणणं चूक नाही. आम्ही डॉक्टर नाही. आमचं शाळेतलं शिक्षण आठवीपर्यंतचं, पुढचं जे काही झालं ते रातपाळी संपल्यावर वाचनालयात. साचाखात्यात बदली कामगार म्हणून लागलो आणि गिरणी चालू होती तोवर साच्यावरच उभे राहिलो. परंतु आपल्या वस्तीतली पद्धत अशी आहे की आई बाळाला टोचायला नेण्याआधी डॉक्टरला विचारत नाही, नळावर विचारते. नळावर जे ठरतं तेच घरात होतं. नळावरचे हे प्रश्न गेली अनेक वर्षं आम्ही ऐकत आलो. त्यांची उत्तरं हेल्थ पोस्टच्या सिस्टरांकडून, ओळखीच्या डॉक्टरांकडून आणि पुस्तकांतून गोळा केली. तीच आज तुमच्यापुढे मांडणार आहोत.

हा विषय आजच का, असंही कोणी विचारेल. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवराची साथ आली, ती तुम्हाला आठवत असेल. गोवंडीपासून सुरुवात झाली. तिकडे भिवंडीत आणि मालेगावातही गोवर पसरला. लहान लेकरं दगावली आणि दगावलेल्यांपैकी बहुतेकांना गोवराची लस मिळालेलीच नव्हती. ही लस काही नवी नव्हती, महागही नव्हती, सरकारी केंद्रावर फुकट होती. तरी ती त्या बाळांच्या दंडापर्यंत पोचली नाही. गोवंडी म्हणजे काही परदेश नाही. तिथेही आपल्यासारखीच दहा बाय दहाची खोली, तसाच नळ. त्यानंतर महिला मंडळाच्या भगिनींनी आपल्या गल्ल्यांमध्ये घरोघरी कार्डं बघितली, तर दीड वर्षाचा डोस राहिलेली मुलं इथेही निघाली. का राहिला म्हणून विचारलं, तर कोणी म्हणालं पहिल्या डोसला पोर रात्रभर तापलं होतं. कोणी म्हणालं कामावरून सुट्टी मिळत नाही. एका घरी मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. आणि एका माऊलीने सांगितलं की कार्ड हरवलं म्हणून केंद्रावर सगळ्यांसमोर बोलणी बसली, तेव्हापासून ती त्या पायरीवर गेलीच नाही.

ही शेवटची गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. लशीवरचा राग आणि लस देणाऱ्याच्या वागणुकीवरचा राग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरीब माणसाच्या मनात त्या एकत्र होतात, आणि नुकसान त्याच्याच लेकराचं होतं. हे आजचं नाही. आपल्याच गिरणगावात सव्वाशे वर्षांपूर्वी हे घडून गेलेलं आहे.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. सरकारने रोग्यांना घरातून उचलून इस्पितळात न्यायला सुरुवात केली. घरांची झडती, सामान बाहेर, माणूस एकदा नेला की परत दिसायचा नाही. अफवा उठल्या की इस्पितळात माणसं मारतात. त्याच ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आज त्याला कस्तुरबा रुग्णालय म्हणतात. आमच्याच जातभाईंनी, म्हणजे कामगार जातीच्या भावांनी, दवाखान्यावर दगड घातले. ते अडाणी होते म्हणून, असं लिहिणारे लिहून गेले. आम्हाला तसं वाटत नाही. ज्या माणसाला कधी कोणी काही समजावून सांगितलं नाही, नुसतं ओढून नेलं, तो दुसरं काय करणार?

त्याच ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्याने प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण माणूस ठीक राहिला. मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना दिली. काहींना दिली, काहींना नाही, आणि मग बघितलं की प्लेग कोणाला जास्त होतो. टोचलेल्यांना कमी झाला. कैदी स्वखुशीने पुढे आले असं म्हणतात. कैद्याची खुशी ती कितीशी, हा प्रश्न आमच्या मनात येतोच. पण लस चालते की नाही हे ठरवायची रीत मात्र तीच आहे : एक गट घेतलेला, एक न घेतलेला, आणि मग मोजणी. आजही मोठ्या प्रमाणावर तसंच करतात, फक्त लेखी संमती घेऊन.

त्याच साथीत पुण्याला माता सावित्रीबाईंनी काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. डॉ. यशवंतरावांनी दवाखाना उघडला, आणि मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड ह्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. त्यात त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तारखा शेजारी ठेवून बघा. हाफकिनने स्वतःला लस टोचली जानेवारीत, माता गेल्या मार्चमध्ये. मधे दोनच महिने. लस निघणं आणि लस पोचणं यांच्यात जे अंतर असतं त्यात माणसं जातात. गोवंडीत तेच झालं, आणि तिथे तर लस निघून कित्येक वर्षं झाली होती.

आता प्रश्नांकडे येऊ. पहिला प्रश्न नेहमी हाच : लस सुरक्षित आहे का?

कोणी म्हणत असेल की शंभर टक्के सुरक्षित, काहीच होत नाही, तर तो तुम्हाला लहान पोर समजतो. काहीतरी होतं. टोचलेली जागा दुखते, सुजते, पोर किरकिर करतं, एकदोन दिवस ताप येतो. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना जी पेंटा देतात, तिच्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब अशा पाच रोगांची लस एकाच सुईत असते. त्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे ताप जास्त येतो. ताप आला म्हणजे लस बिघडली असा अर्थ नाही. शरीर शत्रू ओळखायला शिकतंय. सिस्टरने सांगितलेल्या मापाने तापाचं औषध द्यावं, अंगावरचं दूध चालू ठेवावं, टोचलेली जागा चोळू नये, हळद-चुना लावू नये.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. खासगी दवाखान्यात 'न दुखणारं इंजेक्शन' म्हणून मिळतं, त्याला भरपूर पैसे पडतात, आणि ज्यांना ते परवडत नाही त्या आयांना वाटतं की आपल्या बाळाला हलकं मिळालं. हा गैरसमज आहे. त्यात डांग्या खोकल्याचा भाग वेगळ्या तऱ्हेने बनवलेला असतो, म्हणून ताप आणि दुखणं कमी. परंतु संरक्षणात सरकारी लस कमी नाही, उलट ते जास्त काळ टिकतं असं दिसून आलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की जे देश ही जुनी लस देतात त्यांनी तीच चालू ठेवावी. तेव्हा कर्ज काढून न दुखणारं इंजेक्शन घ्यायची काही गरज नाही.

जन्मल्यावर दंडावर बीसीजी देतात. काही आठवड्यांनी तिथे गाठ येते, पिकते, खपली धरते आणि वण राहतो. दर वर्षी कोणीतरी घाबरून ती फोडतं नाहीतर मलम लावतं. काही करू नका, आपोआप बरी होते.

आता मोठ्या संकटाचं बोलू, कारण ते लपवलं तर आमच्यावर कोणी विश्वास का ठेवावा? ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेव्हाच्या पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. लस परळच्या प्रयोगशाळेतून गेली होती, हाफकिनच्या हाताखालून. त्याला निलंबित केलं, बदनाम केलं. पुढे चौकशीतून काय निघालं? त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या होत्या, आणि मेलेले सर्व १९ एकाच बाटलीतले. ती बाटली उघडायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. म्हणजे दोष लशीचा नव्हता, परळचा नव्हता, टोचणाऱ्या जागेवरचा होता. हे जगाने मान्य करेपर्यंत १९०७ साल उजाडलं. परळच्या त्या संस्थेला १९२५ मध्ये त्याच हाफकिनचं नाव दिलं गेलं. आम्ही पाळीला जाता-येता तिच्या भिंतीजवळून कितीदा गेलो असू.

हे जुनं झालं म्हणाल, तर अगदी अलीकडचं ऐका. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात १२ लहानग्यांना पोलिओच्या थेंबांऐवजी हाताला लावायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. पण बाटलीवरचं नाव वाचायची तसदी कोणी घेतली नाही, आणि आयांनीही विचारलं नाही, कारण विचारायची सवयच आपल्याला लावलेली नाही. म्हणून म्हणतो, सुई टोचण्याआधी विचारा. ताई, ही कुठली लस? कशासाठी? बाटली दाखवा. बाटलीवर मुदतीची तारीख असते. शिवाय बऱ्याच बाटल्यांवर एक रंगीत गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असेल तोवर लस चांगली. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त काळपट झाला, की ती लस उन्हातान्हाने खराब झाली, ती फेकायची. हे बघायला इंग्रजी लागत नाही, नुसते डोळे लागतात. सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढली पाहिजे. आताच्या सरकारी सिरिंज अशा असतात की एकदा वापरली की दट्ट्या अडकतो, दुसऱ्यांदा चालतच नाही. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. क्वचित कोणाला अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो, ते ह्याच वेळात कळतं आणि त्यावर इलाज तिथल्या तिथे होतो.

चांगली सिस्टर अशा विचारण्याने चिडत नाही. आमचा अनुभव असा की तिला बरंच वाटतं.

पोलिओच्या थेंबांनी मूल होत नाही, अशी अफवा किती वर्षं चालली! उत्तर प्रदेशात तर दारं लावून घेत होते लोक. आपल्याकडे पल्स पोलिओ सुरू झाला १९९५ च्या डिसेंबरमध्ये. तेव्हा ज्यांनी थेंब घेतले ती पोरं आज तिशीची झाली, आणि त्यांचीच लेकरं मघापासून ह्या सभागृहात रडताहेत. ह्याहून जास्त पुरावा आम्ही काय देणार? देशातला पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची एक मुलगी. २७ मार्च २०१४ ला आपला भाग पोलिओमुक्त ठरला. आमच्या लहानपणी प्रत्येक चाळीत एक तरी पाय ओढत चालणारं पोर असायचं. आज दहा वर्षांच्या मुलाला विचारा, त्याने तसं पोर बघितलेलं नसतं.

करोनाच्या लशीबद्दल तरुण मंडळी जास्त विचारतात. जिममध्ये कोणी पडला, नाचताना कोणी गेला, की लगेच लशीवर बोट. ह्यात खरं किती आणि ऐकीव किती? खरं असं की कोविशिल्डच्या जातीच्या लशीमुळे फार थोड्या लोकांच्या रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी झाल्या. युरोपात हे २०२१ मध्येच नोंदलं गेलं, आणि २०२४ मध्ये मूळ कंपनीने इंग्लंडच्या कोर्टात तसं कबूल केलं. हा धोका डोस घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांतला. वर्षांनंतर कोणी पडला तर तो ह्यामुळे नव्हे. आणि तरुणांच्या अचानक मृत्यूंची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या मोठ्या रुग्णालयांतून पाहणी केली. ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत लस घेतल्याने अचानक मृत्यू वाढला असं निघालं नाही. निघालं ते असं : करोनाने रुग्णालयात भरती व्हावं लागलेले, घराण्यात कोणी असंच अचानक गेलेलं, मरणाआधीच्या दोन दिवसांत भरमसाट दारू, किंवा अंगाला झेपेल त्याहून जास्त कसरत. दारूचं नाव आलं की जिन्यावरची मंडळी खाली बघायला लागली, ते आम्हाला इथून दिसतंय.

इंग्लंडातल्या एका डॉक्टरने १९९८ मध्ये लिहिलं होतं की गोवराच्या एकत्रित लशीने मुलं स्वमग्न होतात, म्हणजे ऑटिझम होतो. त्याचा तो लेख खोटा निघाला आणि २०१० मध्ये मासिकाने मागे घेतला. तरी २०१८ मध्ये महाराष्ट्रात शाळांमधून गोवर-रुबेलाची मोहीम निघाली, तेव्हा तीच भीती मोबाईलवरून फिरली. ऐकीव गोष्ट केवळ ऐकीव आहे म्हणून धरू नये, हे तथागतांनी कालामांना सांगून ठेवलं आहे. ते मोबाईललाही लागू पडतं.

दुसरा मोठा प्रश्न : लस घेऊनही गोवर झाला, मग उपयोग काय?

हा प्रश्न रास्त आहे, आणि ह्याचं उत्तर हिशेबाने द्यावं लागतं. समजा आपल्या चाळीत १०० मुलं आहेत. ९५ जणांचे गोवराचे दोन्ही डोस झालेत, ५ जणांचा एकही नाही. दोन डोसांनी शंभरातल्या साधारण ९७ जणांना संरक्षण मिळतं, पुरतं शंभरांना नाही. आता चाळीत गोवर शिरला आणि सगळीकडे फिरला असं धरा. न घेतलेल्या पाचच्या पाच जणांना होणार. घेतलेल्या ९५ पैकी तिघांना होईल. एकूण आजारी आठ, त्यात लस घेतलेले तीन. नळावर बातमी काय जाते? 'लस घेतलेल्यांनाही झाला.' बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे. इकडे ९५ मधले ३, तिकडे ५ मधले ५. सायझिंग खात्यात सुताला कांजी देतात. कांजी दिलेला ताणासुद्धा साच्यावर अधूनमधून तुटतो, म्हणून काय कोणी बिनकांजीचा ताणा साच्यावर चढवतो?

आणि गोवर हा साधा पुरळाचा रोग नाही. गोवराचा एक रोगी न लस घेतलेल्या माणसांमध्ये सोडला, तर बारा ते अठरा जणांना देतो. तो खोकून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत त्या हवेत रोग असतो. आपल्या खोल्यांमध्ये, जिथे एका खिडकीवर सहा माणसं श्वास घेतात, तिथे ह्याचा अर्थ काय ते सांगायला नको. गोवर उतरल्यावरही पोराची ताकद कितीतरी महिने परत येत नाही. न्यूमोनिया धरतो, जुलाब लागतात. कुपोषित पोर त्यातच जातं. म्हणून शंभरातल्या ९५ जणांना तरी दोन्ही डोस पाहिजेत, तेव्हा कुठे नऊ महिन्यांखालचं बाळ, ज्याला लस द्यायचं वयच झालेलं नाही, ते बाकीच्यांच्या आडोशाने वाचतं.

सगळ्या लशी सारख्या नसतात हेही खरं. बीसीजी लहान बाळाला मेंदूच्या क्षयापासून चांगली वाचवते, पण मोठेपणीच्या छातीच्या क्षयाला पुरी पडत नाही. म्हणून दंडावर वण असला तरी दोन आठवडे खोकला राहिला की थुंकी तपासायलाच पाहिजे. देवीची लस मात्र एवढी पक्की की रोगच संपवला. आमच्या दंडावर तो वण अजून आहे, तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांच्याही असेल. ज्या रोगाला देवी म्हणून नवस बोलले, तो भारतातून १९७५ मध्ये गेला आणि जगातून १९८० मध्ये गेल्याचं जाहीर झालं. नवस तर त्याआधी शेकडो वर्षं चाललेच होते.

तिसरं, मिळण्याचं. इथे आम्हाला कामगार म्हणून बोलायचं आहे.

करोनात १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली केली, पण नाव नोंदवायचं मोबाईलवरच्या ॲपमधून. नाका कामगार, धुणीभांडी करणारी बाई, तिच्याकडे कुठला तसला मोबाईल? शहरातले गाडीवाले नोंदणी करून गावाकडच्या केंद्रावर टोचून यायचे आणि गावचे लोक बघत बसायचे. खासगी रुग्णालयात कोव्हॅक्सिनच्या एका डोसला १४१० रुपयांपर्यंत घ्यायला सरकारनेच परवानगी दिली. त्याच दिवसांत मुंबईत, कांदिवलीकडे, एका सोसायटीत खोटं लसीकरण शिबिर झालं. लोकांनी पैसे मोजून काय टोचून घेतलं कोण जाणे. शेवटी २१ जूनपासून केंद्र सरकारने सर्वांना फुकट द्यायला घेतली, तेव्हा आपल्या वस्तीच्या रांगा सरकल्या.

त्याआधीही एक गोष्ट झाली होती, ती फार लोकांना माहीत नाही. २००८ च्या जानेवारीत कसौली, गिंडी आणि कुन्नूर इथल्या सरकारी लस कारखान्यांचे परवाने स्थगित केले. कारण सांगितलं की कारखाने ठरलेल्या दर्जाचे नाहीत. दर्जा पाहिजेच, आम्ही नाही म्हणत नाही. पण दुरुस्त करायचं सोडून टाळं ठोकलं आणि लशींसाठी खासगी कंपन्यांच्या दाराशी जावं लागलं. परवाने २०१० मध्ये परत दिले. गिरणीवाल्यांना ही रीत ओळखीची आहे. आधी यंत्र जुनं होऊ द्यायचं, मग यंत्र जुनं म्हणून दार लावायचं.

आणि संमतीचं. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यांत हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस एका प्रकल्पात दिली गेली. त्यात आदिवासी मुली बऱ्याच होत्या. त्या काळात काही मुली दगावल्या. चौकशी समितीने सांगितलं की मृत्यू लशीमुळे झालेले दिसत नाहीत. परंतु संमतीपत्रं उघडली तेव्हा दिसलं की कित्येक ठिकाणी आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ मध्ये ह्यावर कडक ताशेरे मारले. ती लस जगात लाखो बायकांना कर्करोगापासून वाचवते आहे, तेव्हा आपल्या मुलींना ती मिळावी असंच आम्ही म्हणू. पण आमच्या मुलीच्या कागदावर सही आमची, आणि सहीच्या आधी समजावून सांगणं तुमचं. ह्यात तडजोड नाही.

कुत्रा चावला तर काय, हे विचारल्याशिवाय आपली सभा संपत नाही, म्हणून आताच सांगून टाकतो. मिरची, चुना, तंबाखू काही भरू नका. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग पालिकेच्या दवाखान्यात जा, तिथे लस फुकट आहे. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात म्हणून अजून लोक पळतात. ती जुनी लस २००४ च्या सुमारास बंद झाली. आता दंडावर देतात, पहिला दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. काही ठिकाणी दंडाच्या स्नायूत देतात, तेव्हा एक वेळ जास्त जावं लागतं. रक्त आलेलं असेल, जखम खोल असेल, तर लशीबरोबर जखमेत सिरमही लागतं. ते आपण होऊन विचारा, आणि त्या दवाखान्यात नसेल तर कुठे आहे ते लिहून मागा. कुत्रा पाळलेला होता, चांगला होता, म्हणून थांबू नका. हा रोग एकदा दिसायला लागला की त्यावर औषध नाही.

उरलेले थोडे भराभर घेतो. सर्दी, हलका ताप, साधे जुलाब असतील तरी लस देता येते. बाळ खूपच आजारी असेल तर डॉक्टर सांगतील तसं. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिला तिथून पुढे. गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत देतात. गावाला गेलात तर तिथल्या केंद्रातही मिळतो, आपल्याच वॉर्डात पाहिजे असं काही नाही. गोवराची आणि बीसीजीची बाटली एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकायची. म्हणून कधी कधी एकट्या आईला 'उद्या या' असं ऐकावं लागतं. बुडालेला रोज कोण भरून देणार? त्यावर दोन उपाय. चार आयांनी मिळून एकदम जायचं, म्हणजे बाटली उघडायला कोणी कां-कूं करणार नाही. आणि तरीही परत पाठवलं, तर समितीला सांगायचं. समितीची माणसं तुमच्याबरोबर येतील. भांडायला नाही, शेजारी उभं राहायला. कार्ड हरवलं म्हणूनही कोणी परत येऊ नये. केंद्राच्या रजिस्टरमध्ये नोंद असते, ती शोधायला वेळ लागतो इतकंच.

ज्यांच्या घरी दोन वर्षांच्या आतलं बाळ आहे त्यांनी आज घरी गेल्यावर कार्ड काढून बघायचं : नऊ महिन्यांचा खाना भरलाय का, सोळा ते चोवीस महिन्यांचा भरलाय का. मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. ज्यांचा खाना रिकामा आहे त्यांनी महिला मंडळाच्या वहीत नाव आणि खोली नंबर लिहायचा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं नाव जिन्यावरची तरुण मंडळी लिहून देतील, म्हणून त्यांना आम्ही अजून सोडलेलं नाही. नावं जमली की सिस्टरांना विहारातच बोलवायचं ठरलं आहे, रविवारी, म्हणजे कोणाचा रोज बुडणार नाही. वही दाराशी टेबलावर आहे, पेन दोरीने बांधलेलं आहे.

जय भीम.